वाचताना गाळलेली ओळ

दादा, काल तुझी तेरवी झाली. संध्याकाळच्या भजनात मी उभा राहून जे बोललो ते तुझ्यापर्यंत पोचलं की नाही, कोण जाणे. मी ते दोन खेपांत बोललो, आणि पहिल्या खेपेत लबाडी होती. तेवढीच तुझ्या कानी गेली असेल तर माझं काही खरं नाही, म्हणून आज शाळेतून आल्यावर कागद घेऊन बसलो आहे. इथे असताना तुला वाचता येत नव्हतं. तिकडे येत असेल असं धरून चालतो.

चार ओळी लिहून तीनदा खोडल्या. पोरांना शुद्धलेखन घालणारा मास्तर मी, आणि आज मला एक साधं वाक्य सरळ लिहिता येत नाही.

तांडापेठेतल्या आपल्या गल्लीत तुझं दार आणि माझं दार समोरासमोर. आमच्या घरचा माग वडिलांबरोबर बंद पडला, मी सातवी पास होऊन शाळेत लागलो. तुझा माग चालत राहिला. खड्ड्यात पाय सोडून तू लुगडं विणायचास, धोटा इकडून तिकडे जायचा आणि त्या चालीवर तुझी पदं जुळायची. जुळलं की तिथूनच हाक यायची, "मास्तर, घे गा लिहून, नाही तं इसरून जाईन." मी हातातला घास टाकून वही घेऊन धावायचो. अकरा पदं माझ्या वहीत आहेत, सगळी तुझी. हे 'सगळी तुझी' लिहायला मला इतकी वर्षं लागली, दादा.

गुरुवारच्या भजनात लोक सगळ्यात जास्त मागायचे ते सहा पाहुण्यांचं पद. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. मोठमोठे बुवा त्यांना शत्रू म्हणतात, तू त्यांना पाहुणे केलंस. 'सहा पाहुणे घरात, धनी उभा दारात, कोणी निजे माझ्या खाटे, कोणी जेवे ताटात.' ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, कारण प्रत्येकीच्या घरी तसा एक तरी पाहुणा येऊन बसलेला असायचा. आणि शेवट असा: 'सातवा बोलावला हरी, साही गेले रानात. कोणी म्हणे आता, धनी आला घरात.'

या पदावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, दादा, क्रोध-लोभ हे काय हात जोडून घालवायचे असतात? त्यांना ठेचलं पाहिजे, निग्रह पाहिजे. तू खंजिरीची पितळी चकती बोटाने फिरवत म्हणालास, "ठेचाले गेला का तो क्रोधच बसते तुह्या हातात काठी घेऊन. पाव्हन्याईले हाकलू नको. हरीले बोलाव."

"आणि आपण काय करायचं मग?"

"धनी दारातच उभा आहे ना गा मास्तर. हरी आत येईन कुठून? आपन फक्त दारातून बाजूले सरकाचं."

मला ते तेव्हा फार सोपं वाटलं होतं. वर्गात पोरांना सांगूनही टाकलं, आणि चांगलं रंगवून सांगितलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुसरं भांडण 'कोणी म्हणे'वरून. मी म्हणालो, पदाच्या शेवटी करणाऱ्याचं नाव लागतं, तशी रीतच आहे. 'कोणी' म्हणजे कोण? बेवारशी मालासारखं वाटतं ते. तू म्हणालास, "मंग माह्यं नाव घालून डोमा मनू का? डोम्याच्या घरात तं साही पाव्हने अजून जेवून राहिले. मी कोन्त्या तोंडानं सांगू का धनी घरात आला?" मी हसलो आणि वहीत 'कोणी' लिहिलं. त्या शब्दाखाली बारीक रेघ मात्र मारून ठेवली, चूक दाखवायला मारतो तशी.

कळमेश्वरच्या सप्ताहाला तू आला नाहीस. कोणाच्या तरी लग्नाची लुगडी मागावर होती. आपलं भजनी मंडळ पॅसेंजरने गेलं आणि पुढे म्हणायला मी बसलो. माझा गळा बरा आहे हे तूच चारचौघांत सांगायचास, तेही माझ्या डोक्यात होतंच. शेवटच्या ओळीला मी 'म्हणे नारायण आता' म्हणालो. ओघात तोंडातून निघून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगतो, स्टेशनवर उतरल्यापासून ते माझ्या जिभेवर होतं. आईबापांनी नाव असं ठेवलं की चोरी करतानाही देवाचंच नाव घेतल्यासारखं वाटावं. कार्यक्रमानंतर तिथल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, पद तुमचंच का? मी मान हलवली. होकाराची की नकाराची ते त्याने ठरवावं, अशी.

मंडळातल्यांनी परत आल्यावर तुला सांगितलं की मास्तरने शेवट बदलला. मी ओट्यावर उभा होतो. तू मागावरून मान वर न करता म्हणालास, "नारायनाचं नाव आलं ना? मंग झालं तं."

या एका वाक्याने मला किती वर्षं छळलं, तुला कल्पना नसेल. कोणता नारायण, दादा? वैकुंठातला की समोरच्या घरातला? तुला देव वाटला असेल तर मी सुटलो, आणि मी वाटलो असेन तर तू मला माफ केलंस, म्हणजे तरीही सुटलो. असा हिशेब करून मी झोपायचो आणि सकाळी पुन्हा तोच मांडायचो. चोराच्या मनात चांदणं. तू गल्लीतून नुसतं "काय गा मास्तर" म्हणालास तरी मला वाटायचं, आता विचारतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. आपल्या शहरातली राजधानी मुंबईला गेली त्या साली इतवारीतल्या एका छापखानेवाल्याने भजनांचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलं आणि तुझं पद माझ्याकडे मागितलं. मी वहीतून उतरवून दिलं, शेवटी 'नारायण' घालून. प्रूफ आलं तेव्हा पदाच्या वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'रचना : नारायण मास्तर, तांडापेठ.' मी ते छापायला सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. पण प्रूफ माझ्या हातात होतं. 'पाहुणे'मधला दीर्घ 'हू' मी ऱ्हस्व केला, एक काना वाढवला, आणि ती ओळ तशीच जाऊ दिली.

पुस्तक घेऊन मी तुझ्याकडे आलो. का आलो, हेच मला कळत नाही. न दाखवता राहवलं नसतं, आणि दाखवायची तर भीती होती. तू हात धुऊन आलास, पुस्तक कपाळाला लावलंस आणि म्हणालास, "वाच ना गा, आपलं पद छापल्यावर कसं दिसते ते पाहू." मी पान उघडलं. पहिली ओळ डोळ्यांसमोर होती. ती सोडली आणि दुसरीपासून वाचलं. दादा, तुला अक्षर येत नव्हतं म्हणून मी ती ओळ गाळली. आयुष्यात मी खोटं बरंच बोललो असेन, पण हे मी तोंडातून एक खोटा शब्द न काढता केलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

पुढचे दोन दिवस तुझा माग वाजला नाही. मला वाटलं, सुताचा कोटा आला नसेल. गुरुवारी तू भजनाला आलास. आपल्या मंडळाचा नेमच आहे, भजन संपलं की लहानमोठा न पाहता प्रत्येकाने प्रत्येकाच्या पाया पडायचं. तू बारा वर्षांनी मोठा, तरी दर गुरुवारी माझ्याही पायाला हात लावायचास. त्या दिवशी तू नुसता हात लावला नाहीस, डोकं टेकवलंस, आणि बराच वेळ उठला नाहीस. मागे रांग खोळंबली. मी चेष्टेने म्हणालो, दादा, झोपलास की काय. चारजण हसले. त्यानंतर तू उठलास आणि पुढच्याकडे सरकलास.

आता तुझ्या शेवटच्या रविवारचं लिहितो. खोकल्याने तू अगदी वाळून गेला होतास, खाट मागाशेजारीच टाकली होती. वहिनी चूल फुंकत होत्या. तू म्हणालास, "मास्तर, सहा पाव्हन्याईचं म्हन." मी म्हटलं. शेवटची ओळ जवळ येऊ लागली. या वेळी 'कोणी' म्हणायचं, असं ठरवलं. आणि तोंडातून 'नारायण' आलं. इतक्या वर्षांची सवय, दादा, पालथ्या घड्यावर पाणी. तू डोळे उघडलेस. माझ्याकडे बघत राहिलास आणि विचारलंस, "आखीन काई आहे का मास्तर?"

मी म्हणालो, "नाही दादा, एवढंच."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, तू अजून एखादं पद मागत होतास.

तू गेल्यावर मी रडलो, पण मोकळं रडलो नाही. एक बारीक सुस्कारा सुटला होता, आता विचारणारा कोणी नाही, असा. इतका हलका विचार तुझ्या तिरडीला खांदा देताना माझ्या मनात आला. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुला सांगतो आहे, कारण माझ्या घरी सहापैकी कोण कोण मुक्कामाला आहे ते तुला कळायला हवं.

दहाव्याच्या दिवशी गणबाजी आले. आपल्या मंडळातले सगळ्यात वयस्क, टाळ धरणारे, ते म्हणाले, तेरवीच्या भजनात मास्तरने आपलं सहा पाहुण्यांचं पद म्हणायचं, दादाले ते भल्ला आवडे. 'आपलं' म्हणजे माझं. तुझ्याच तेरवीला, तुझ्याच फोटोसमोर, तुझं पद माझ्या नावाने म्हणायचं. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. दोन दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. वाटलं, त्यांना सांगितलं की पुरे, बाकीच्यांना कशाला.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी दारातच उभा राहून, खाली बघत सगळं सांगितलं. कळमेश्वर, प्रूफ, गाळलेली ओळ. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"काहून मास्तर, तुमच्याच वर्गात शिकली ना मी वाचाले."

ते मी पार विसरलो होतो, दादा. प्रौढांच्या वर्गाला गल्लीतल्या सात बाया यायच्या, त्यांत वहिनी होत्या. अ आ इ मीच हाताला धरून गिरवून घेतली होती.

"तुमी पुस्तक ठेवून गेले, अन् त्याइनं मले मनलं, तू बी वाच, पाहू तुले येते का. मी वरून वाचलं. तुमचं नाव आलं. त्याइनं पुन्हा वाचाले लावलं. मंग दोन दिवस मागावर नाही बसले. जेवन समोरून सरकवून देत. मी म्हनलं, जा ना मंग, भांडा मास्तरसंग. तं म्हने, राग येऊन राहिला मले, भयंकर येऊन राहिला, अन् क्रोधाले पाव्हना मननारं पद बी माह्यंच आहे. आता भांडू कोन्त्या तोंडानं."

मी विचारलं, मग गुरुवारी?

"गुरुवारी म्हने, जातो अन् त्याच्या पायावर डोकं ठेवतो. राग जाते का पाहतो. घरी आल्यावर म्हने, गेला थोडा, सगळा नाही गेला."

सगळा नाही गेला. दादा, मी आजवर तुला साधू समजत होतो. तुला काही लागतच नाही, तू जन्मतःच तसा, असं धरून चाललो होतो. त्यात माझी सोय होती. तुला लागलं होतं. माझ्या पायावर डोकं ठेवून तू स्वतःशी झगडत होतास, आणि मी वर उभा राहून चेष्टा करत होतो.

"मग तुम्ही दोघं मला काहीच का बोलला नाहीत?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "मी बोलनार होती. त्याइनं सांगतलं, तू नको बोलू, तो स्वतः सांगन. वाट पाहत होते ते. त्या रविवारी तुमी गेल्यावर मी विचारलं, सांगतलं का? तं म्हने, नाही. आज बी नाही."

तू पद मागत नव्हतास. मला दार उघडून देत होतास, आणि मी 'एवढंच' म्हणालो.

काल संध्याकाळी अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या, सगळे जमले होते. पद सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे पद माझं नाही. ही सारी दादांची कृपा. मी नुसता लिहून घेणारा. त्यात माझं नाव आलं ही माझी चूक, मला क्षमा करा." शब्द चांगले होते. मी ते आदल्या दिवशी मनात जुळवले होते, कुठे आवाज खाली आणायचा तेही. गणबाजींनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे मास्तर, नारायन म्हंजे तू काहून? नारायन म्हंजे देव. स्वतः केलेलं पद मेलेल्या मानसाच्या पदरात टाकून राहिला. याले मनतात नम्रता." लोकांनी माना डोलावल्या. एक बाई पोराला पुढे ढकलून म्हणाली, पड मास्तरच्या पाया. ते पोर पडलं. आणि दादा, मला बरं वाटलं. तुझ्या तेरवीत, तुझा फोटो समोर असताना, मला छातीत ऊब आल्यासारखं बरं वाटलं. साही पाहुणे एका पंगतीत बसून जेवले.

मी दाराकडे पाहिलं. वहिनी प्रसादाचं ताट घेऊन उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या थांबल्या होत्या, तू त्या रविवारी थांबला होतास तशा.

मी म्हणालो, "गणबाजी, थांबा. नारायण म्हणजे देव नाही, मीच. पद दादाने केलं. पुस्तकात वर माझं नाव छापलं आहे, ते मी छापू दिलं. आणि दादाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याला वाचून दाखवताना मी ती ओळ गाळली."

मागून एकाने हळूच विचारलं, "वाचता येत नोतं मनून?" मी हो म्हणालो. गणबाजींनी खांद्यावरचा हात काढून घेतला. ते खाली बसले, टाळ उचलले आणि पद त्यांनीच म्हटलं. 'कोनी म्हने आता' म्हणाले. त्यांचा आवाज फाटका आहे, तरी सगळ्यांनी मागून धरलं.

शेवटी पाया पडायची वेळ आली. मी एकेकापुढे वाकत गेलो. बहुतेकांनी पडू दिलं. चौघांनी पाय मागे घेतले, त्यांत गणबाजी होते. तिथे मी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. माझ्या पाया मात्र कोणी पडलं नाही. ते योग्यच झालं, तरी मला लागलं, आणि लागलं याची लाजही वाटली.

आज वर्गात माझं लक्ष नव्हतं. परवा गुरुवार आहे. मंडळात जावं की नाही, हेच डोक्यात. जाऊन कोणी जागा दिली नाही तर? आणि समजा दिली, तर मी काय करेन ते मला ठाऊक आहे. दारात चपलांपाशी बसेन, मान खाली घालून, सगळ्यांना दिसेल असा. महिनाभरात लोक म्हणतील, मास्तर किती बदलला. मला ते ऐकायला आवडेल. मग मी गेलो काय आणि न गेलो काय, दादा? चुकीची कबुली दिली तिचाही मी मिरवायला फेटा बांधला. आता पश्चात्तापाचं काय करीन, सांगता येत नाही. तू असतास तर तुला विचारलं असतं.

तू नाहीस, म्हणून शाळेतून येताना वहिनींच्या दाराशी थांबलो. त्या अंगणातल्या सतरंज्या झटकत होत्या. मी म्हणालो, वहिनी, मी गुरुवारी येत नाही. कारण विचारलं त्यांनी. जे वर लिहिलं ते सगळं बोललो, चपलांपाशी बसण्याचंही. बोलताना माझा आवाज कापत होता, आणि खरंच कापतो आहे की मी कापवतो आहे, ते मलाच कळेना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि म्हणाल्या, "मिरवसान तं मी आहो ना सांगाले. या तुमी."